बत्तीस अंशांचा ब्रश

हेर्नेसांद, ३ फेब्रुवारी

प्रिय दीसा,

तुझी टेकडी परत मिळाली. एस्किलने काल दुपारी चोविसाव्या माणसाचं मोजमाप संपवलं, आणि आज सकाळी फिनलंडमधल्या एका गटाचा निरोप आला: त्यांच्याकडेही तोच चढ, तोच उतार. म्हणजे आता दोघांनी, एकमेकांचे आकडे न बघता, हे पक्कं केलं आहे. ब्रश बत्तीस अंशांवर ठेवला की तुझा आलेख येतो. खोलीत नुसता पडलेला ब्रश घेतला की बाकी जगाचा येतो.

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात अशी, बातमीने. दुसरी कुठली सुरुवात सुचली नाही.

एस्किल तुला माहीत नाही. तू गेल्यावर सात वर्षांनी तो इथे प्रयोगशाळेत आला. इतका उंच आहे की दार दिसलं की आपोआप वाकतो. आता मोकळ्या पटांगणातही वाकूनच चालतो. खिडकीजवळच्या तुझ्या टेबलावर बसतो. तुझ्या प्रबंधाची फाइल त्याला कपाटात, दिव्याच्या जुन्या वायरींखाली सापडली. तेव्हापासून तो मला एकेक विचारत असतो आणि मी सांगत असते: पडदा कसा होता, पडद्याच्या फटीतून माणसाचा फक्त हात बाहेर यायचा, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि मी त्यावरून बोकडाच्या केसांचा मऊ ब्रश फिरवायचे. सेकंदाला तीन सेंटिमीटर. ना जास्त, ना कमी. तू पलीकडे बसून विचारायचीस, "किती बरं वाटलं?" आणि माणूस आकडा सांगायचा; फराट्यामागून फराटा ते आकडे चढायचे, मग उतरायचे, तीच टेकडी.

कातडीत एक संथ मज्जातंतू असतो, हे तूच मला समजावलं होतंस. काय टोचलं, कुठे टोचलं, हे सांगायला दुसरे असतात, घाईचे. हा मागून सावकाश येतो आणि एवढंच सांगतो की कुणीतरी जवळ आहे. तू म्हणायचीस, "गुन्नेल, हा तंतू म्हणजे आपल्या गावातली शेवटची बस. उशिरा येते, पण घरी सोडते."

जगात सगळ्यांनाच त्याची टेकडी मिळाली होती. तुझी दुप्पट उंच होती. म्हणून तर फेरमोजणी झाली. समितीसमोर माझा तोच हात होता, तोच ब्रश होता, आणि तुझी उंच टेकडी आली नाही. तुझे आकडे बनावट ठरले, पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हा ब्रश गरम कसा झाला असेल, यावर इथे तर्क चालले आहेत. स्टाफान प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून आता निवृत्त आहे, पण कॉफीला येतो. तो म्हणतो, दिव्याजवळ ठेवला असेल. असेलही.

खाडी गोठली आहे. सकाळी बर्फावरून चालत कामाला जाते. आठ वाजता उजेड दुधासारखा असतो, कुठून येतो कळत नाही.

तुझी,
गुन्नेल


हेर्नेसांद, १९ फेब्रुवारी

प्रिय दीसा,

तुझं कार्ड आलं. पुढे हापारांडाचा पूल, मागे एक ओळ: "एस्किलला ब्रश गरम करायचं सुचलं कसं?"

शाळेत गणित शिकवतेस म्हणून की काय, प्रश्न अगदी नेमका विचारलास.

होल्गरमुळे सुचलं. होल्गर आठवतो? बंदरातला वाटाड्या, मोठ्या बोटी आत आणायचा. डाव्या हातावर निळा नांगर गोंदवलेला. तुझ्या प्रयोगाला तो सहा वेळा आला होता, आणि सहाही वेळा झोपला होता. आता ब्याऐंशीचा आहे. एस्किलने त्याला परत बोलावलं. आता ब्रश मी फिरवत नाही. तू गेलीस त्याच वर्षी यंत्र आलं. पांढरा लोखंडी हात, त्याला आम्ही हेर्मान म्हणतो. हेर्मानचा वेग कधी चुकत नाही.

होल्गरने हात फटीतून आत सरकवला. हेर्मानने पहिला फराटा मारला, आणि पडद्यामागून आवाज आला:

"हा कोण? टॅक्स खात्यातून आलाय का?"

एस्किल म्हणाला, "यंत्र आहे. पण वेग तोच, दाबही तोच."

"असेल बाबा. पण पूर्वीचा ब्रश जिवंत होता. हा मेलाय."

"म्हणजे नेमकं काय?"

"मेलेलं कसं लागतं हाताला? गार लागतं. तुला शाळेत काय शिकवलं रे?"

एस्किल हसला नाही. तो असल्या गोष्टींना हसत नाही, लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी, वेलदोड्याचा पाव अर्धा तोंडात असताना, त्याने मला विचारलं, "गुन्नेल, दोन फराट्यांच्या मधे तू ब्रश कुठे ठेवायचीस?"

"ट्रेमध्ये," मी म्हणाले.

"नेहमी?"

"पत्रकात तसंच लिहिलं होतं."

हे मी तुला जसं घडलं तसं सांगते आहे.

मग त्याने आपल्या मनानेच ब्रश तापवून पाहिला. बत्तीस अंश, कारण माणसाची कातडी तेवढी ऊबदार असते. बाकी तू वाचलंस.

त्याला आता एकच काळजी आहे आणि ती तुझ्याबद्दल आहे. काल मला म्हणाला, "आकडे खरे निघाले, पण दीसाने ते खरेच मोजले होते हे यातून सिद्ध होत नाही. तिचा ब्रश खरंच गरम होता असं कुणी सांगितलं, तरच तिच्या नावावरचा डाग जाईल. नाहीतर लोक म्हणतील, बाईने खोटे आकडे लिहिले आणि नशिबाने ते खरे निघाले." पाहणारं कोण उरलंय? तू आणि मी. तुझा शब्द तुझ्याच बाजूने कोण धरणार?

आता मी चौथ्या मजल्यावर असते, नोंदींच्या खोलीत. कुणाचा हात दिसत नाही दिवसभर. पण गंमत सांगते, दुकानात रांगेत उभी असले की अजून लोक मला हातांवरून ओळखू येतात. चेहरे मी कुठे पाहिले होते? परवा बटाटे घेताना पुढे एक हात आला, मनगटाजवळ तीन तीळ. मी त्या हाताला मनात म्हटलं, अरे, तू! आणि हाताच्या मालकाने माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणत बटाट्यांची वाट मोकळी केली.

गुन्नेल


हेर्नेसांद, ८ मार्च

प्रिय दीसा,

तुझ्या चार ओळी पाठ झाल्या आहेत. "ट्रेमध्ये? चार वर्षं मी पडद्यापलीकडे बसले. फटीतून ट्रे दिसायचा, तो नेहमी रिकामा असायचा. मला वाटायचं तू ब्रश हातातच धरतेस."

हातात नव्हता. काखेत होता.

आता सांगूनच टाकते. तुझ्या पहिल्या हिवाळ्यात, जानेवारीत, जुन्या इमारतीचा बॉयलर बंद पडला होता. तू वरच्या मजल्यावर, माझ्या घरात, नुकतीच राहायला आली होतीस आणि रोज सकाळी माझे दोन दोन मोजे चढवून निघायचीस. खोलीत सतरा अंश. माणसं घोंगडीखाली, आणि बिचारा एक हात तेवढा उघडा. मी ब्रश लावला की त्या हातावर काटा यायचा. स्पीकरवर मज्जातंतूचा आवाज लावलेला असायचा, एरवी लांब कुठेतरी लाह्या फुटत असल्यासारखा. तो त्या काट्याबरोबर नुसता खरखर व्हायचा. तीन तीन तास खपून सुई त्या केसाएवढ्या तंतूत बसवलेली, आणि एका गार ब्रशाने सगळं पाण्यात.

मी त्याआधी वीस वर्षं नर्स होते. गार वस्तू आजाऱ्याच्या अंगाला लावायची नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. भांडं असो, स्टेथोस्कोप असो, आधी आपल्या अंगाला लावून ऊब द्यायची. मी स्वेटरच्या आत हात घातला आणि ब्रश काखेत ठेवला, थर्मामीटर ठेवतात तसा. फराट्याला काढायचा, परत ठेवायचा. हात शांत झाला. लाह्या पुन्हा एकेक करून फुटू लागल्या. तू पलीकडून म्हणालीस, "वा, आज मस्त येतंय!"

फेब्रुवारीत बॉयलर सुरू झाला. काखेची सवय गेली नाही.

तुला का नाही सांगितलं? सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. तू कपाचा कान पुसून मला कॉफी द्यायचीस, ते तरी कुठे तू वहीत लिहायचीस?

ते दिवस मला अजून स्वप्नात येतात, पण स्वप्नात खोली नसते. नुसते हात असतात. बर्फातून वर आलेले, रांगेने, बर्चच्या झाडांसारखे पांढरे, आणि मी त्यांच्यामधून चालते आहे, आणि मला घाई नाही. वाऱ्याचाही वेग तोच असतो, सेकंदाला तीन सेंटिमीटर. एकेका हातावरची लव माझ्याकडे वळते. जाग येते तेव्हा माझं बोट उशीवर फिरत असतं.

तुझ्या प्रबंधाला खिळा ठोकला तो दिवसही येतो कधी कधी. एप्रिलचा शेवट, छपरावरून पागोळ्या गळत होत्या. तू एवढीशी, हातोडा केवढा, आणि स्टाफान ओरडत होता, "बोट सांभाळ, तेच तर आपलं भांडवल!" आपल्याकडची रीतच ती, प्रबंध खांबावर ठोकून लावायचा, गावाने वाचायचा, तीन आठवड्यांनी सगळ्यांसमोर वाद. तुझा प्रबंध तीन आठवडे टिकला नाही. वाद रद्द झाल्यावर तो काढायला स्टाफानने मला सांगितलं. खिळा तू इतका पक्का ठोकला होतास की मला पक्कड आणावी लागली.

एस्किलला हे काखेचं अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

फेरमोजणीच्या वेळी हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एवढे लोक, एवढी धांदल.

गुन्नेल


हेर्नेसांद, २९ मार्च

प्रिय दीसा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. अकरा वर्षांनी तुझा आवाज. थोडा खाली बसला आहे. वर्गात ओरडून बसत असेल. तू म्हणालीस, "गुन्नेल, एकच विचारते. समितीसमोर तू ब्रश काखेत ठेवला होतास?"

मी म्हणाले, "नसेल ठेवला. आठवत नाही."

"आणि टेकडी आली नाही तेव्हा? तेव्हा तुला कळलं नाही?"

"नाही गं."

तू म्हणालीस, "बरं." मागे कुणीतरी पियानोवर तेच तेच तीन सूर वाजवत होतं. मग फोन ठेवलास.

मी खोटं बोलले. नीट सांगते.

तो मे महिन्याचा मंगळवार होता. समितीची तीन माणसं, सूट घातलेली, पडद्याच्या माझ्या बाजूला खुर्च्या टाकून बसली होती. त्याआधी त्या बाजूला माझ्याशिवाय कधी कुणी बसलं नव्हतं. स्टाफानने ओळख करून दिली, "ही गुन्नेल. उत्तरेतला सगळ्यात अचूक हात." त्यातल्या एकाने मान झुकवली. दीसा, माझं शिक्षण नर्सिंगपर्यंत. माझ्यापुढे तोवर कुठल्या प्राध्यापकाने मान झुकवली नव्हती.

मग त्यांच्यासमोर स्वेटरच्या गळ्यात हात घालून काखेतून ब्रश काढायचा? मला शक्यच नव्हतं. मी ट्रेमधून उचलला, पत्रकात लिहिल्याप्रमाणे. पडद्यातून आलेला हात कुणा बाईचा होता, कोपरावर भाजल्याचा जुना डाग. पहिल्या फराट्यालाच त्यावर काटा आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्याला मला कळलं. पुरतं कळलं, दीसा. टेकडी कशाची होती ते त्या खोलीत त्या क्षणी एकट्या मला ठाऊक होतं. आणि पलीकडून तू विचारत होतीस, "किती बरं वाटलं?" आणि ती बाई म्हणत होती, "ठीक. चार. चार म्हणा." तुझा आवाज प्रत्येक वेळी थोडा थोडा बारीक होत गेला.

संपल्यावर त्या मान झुकवणाऱ्या गृहस्थाने मला विचारलं, "आज जे केलंत आणि एरवी जे करता, त्यात काही फरक होता?"

मी म्हणाले, "नाही."

भीती नोकरीची नव्हती. नोकरी गेली असती तर मी परत इस्पितळात गेले असते. त्याच आठवड्यात हेर्मानची ऑर्डर गेली होती. सगळे म्हणत होते, यंत्र कितीही आणा, गुन्नेलच्या हाताची सर येणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. लोक झोपतात, डोळे पुसतात, परत परत येतात, ते माझ्या हातामुळे. आणि आता मी तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं? हाताचं काहीच नाही, काखेची ऊब आहे. ती तर मांजरालाही असते.

म्हणून तुझं नाव जाऊ दिलं, हात राखला.

तू आठ दिवसांनी सामान भरलंस. जाताना माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "चुकलं माझंच काहीतरी असेल, गुन्नेल. तू वाईट वाटून घेऊ नकोस." मी तुला वाटेसाठी पातळ भाकरीत लोणी आणि बटाटा गुंडाळून दिला. तेवढंच दिलं.

एस्किलने तापवलेला ब्रश हेर्मानच्या हातात दिला आणि तुझी टेकडी आली, त्या दिवशी मी दारात उभी होते. यंत्राने काढलेली, पण तुझी, उंचीला एक मिलिमीटर इकडे तिकडे नाही. मी म्हणजे तिथे कधी नव्हतेच. मला वाटलं होतं मोडून पडेन. पण अकरा वर्षं धरलेला श्वास सुटावा तसं झालं. बाहेर आले तर खाडीवर बर्फ नुकताच धरत होता आणि खालून पाणी हलल्याचा आवाज येत होता. मग फिनलंडचा निरोप आल्यावर तुला पहिलं पत्र लिहिलं, आणि त्यातही लपवलं.

हे पत्र आज टपालात टाकते. त्याची एक प्रत एस्किलच्या टेबलावर ठेवून मगच पुढे जाते.

गुन्नेल


हेर्नेसांद, ११ एप्रिल

प्रिय दीसा,

तुझ्याकडून काही आलं नाही. यावं असं मी धरूनही चाललेले नाही.

एस्किलने पत्र उभ्या उभ्या वाचलं. मग बसला. मग म्हणाला, "तुझ्यावर चिडू की तुझे आभार मानू, मला कळत नाही."

"आधी चीड," मी म्हणाले. "आभाराचं नंतर बघू."

"गुन्नेल, तू त्या मुलीचं आयुष्य..." एवढं म्हणून थांबला. मग त्याने मला त्या खोलीत नेलं आणि काखेतल्या ब्रशाचं तापमान घेतलं, दर अर्ध्या मिनिटाने, वीस वेळा. मी स्वेटरमध्ये हात घालून उभी, आणि तो आकडे लिहितोय, मान वर न करता. सरासरी बत्तीस पूर्णांक चार आली. ते त्याने सही करून जोडलं आहे. मीही सही केली.

स्टाफानला फोन मी स्वतः केला. त्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आणि मी दिवा दिवा करत होतो." मग रडला की खोकला, कळलं नाही. त्यानेही लेखी द्यायचं कबूल केलं आहे: आपण फेरमोजणी एकदाच केली, दुसऱ्यांदा करायला हवी होती, आणि तुझं म्हणणं नीट ऐकून घेतलं नाही.

आता पुढे काय होईल ते सांगते, म्हणजे तुला कुणा तिसऱ्याकडून कळायला नको. विद्यापीठाने प्रकरण पुन्हा उघडलं आहे. गुरुवारी, सतरा तारखेला, सकाळी दहाला समिती बसेल. माणसं नवी आहेत, पण जुन्यांपैकी एक, ते मान झुकवणारे, मुद्दाम येणार आहेत. पहिली साक्ष माझी. साडेअकराला स्टाफान. दुपारी एस्किल आकडे मांडेल. त्यानंतर माझी इथली नोकरी राहील असं मला वाटत नाही, आणि ती राहावी म्हणून मी काही बोलणारही नाही.

सोमवारी तुला नोंदणी कार्यालयातून फोन येईल. बोलणाऱ्या बाईंचं नाव एब्बा लिंडेल. त्या विचारतील, तुला हजर राहायचं आहे का. नाही म्हणालीस तरी चालतं. तुझ्यामागेही काम होईल. हो म्हणालीस तर ते गाडीचं तिकीट पाठवतील. निकाल मेअखेर अपेक्षित आहे. तुझ्या बाजूने लागला, तर वाद पुन्हा ठेवायचा की नाही हे ते तुलाच विचारतील, आणि तेव्हा तुझा प्रबंध जसा होता तसा, एक अक्षर न बदलता, धरतील. फक्त पद्धतीच्या पानावर एक ओळ वाढेल. ती मी एस्किलला सांगितली आणि त्याने लिहून घेतली. ब्रश कुठे ठेवला होता आणि कुणी, हे त्यात नावानिशी आहे.

समितीच्या खोलीला एकच दार आहे. तू आलीस आणि मला बघायची इच्छा नसली, तर एब्बांना सांग. माझी साक्ष संपली की त्या मला मागच्या जिन्याने नेतील. आणि बघायचं असलं, तर मी साडेअकरापर्यंत आत असेन, पहिल्या रांगेत, खिडकीच्या बाजूला. शेजारची खुर्ची कुणाला दिलेली नाही.

गुन्नेल